बेचाळीस रुपये चाळीस पैसे

(पात्रे : परीक्षार्थी, दहावीतली. आजोबा, जन्मभर सरकारी तक्ते भरून निवृत्त. आई, स्वयंपाकघरातून, आवाजापुरती. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकी हा सहावा आणि शेवटचा धडा. शेवटचा म्हणून तो शाळेत घाईघाईनं उरकला जातो, आणि हमखास गुण देणारा म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याच्यावर सगळ्यांचं एकाएकी प्रेम बसतं. सध्या तो प्रेमाचा आठवडा चालू आहे.)

परीक्षार्थी : (डोळे मिटून, झुलत) एल अधिक, कंसात एन भागिले दोन वजा सीएफ, कंस पूर्ण, भागिले एफ, गुणिले एच. एल अधिक, कंसात...

आजोबा : कोणत्या देवीचं स्तोत्र?

परीक्षार्थी : मध्यकाचं सूत्र आहे आजोबा. मधे बोलू नका, लय तुटते. अजून बहुलकाचं राहिलंय. त्यात एफ शून्य, एफ एक, एफ दोन असे तीन भाऊ आहेत आणि कोण कुठल्या पाटावर बसतो ते मी दर वेळी विसरते.

आजोबा : मग स्तोत्र राहू दे, पूजा करून दाखव. धर, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर संध्याकाळी ५० गिऱ्हाइकं आली. ० ते २० रुपये बिल झालेले ६ जण, २० ते ४० चे २०, ४० ते ६० चे १४, ६० ते ८० चे ७ आणि ८० ते १०० चे ३. काढ मध्यक.

परीक्षार्थी : (भराभर लिहीत) एन भागिले दोन पंचवीस. संचित वारंवारता सहा, सव्वीस... मध्यक वर्ग २० ते ४०. पंचवीस वजा सव्वीस, उणे एक, भागिले वीस, गुणिले वीस... आलं! १९ रुपये. चौकट केली. पुढचं द्या.

आजोबा : मध्यक वर्ग कोणता म्हणालीस?

परीक्षार्थी : २० ते ४०.

आजोबा : आणि मध्यक आला १९. म्हणजे हा गृहस्थ स्वतःचं घर सोडून शेजाऱ्याच्या ओसरीवर झोपायला गेला, आणि तू त्याच्याभोवती चौकट काढून दाराला कडी घातलीस! अगं, सूत्रात सीएफ घ्यायची ती मध्यक वर्गाच्या मागच्या वर्गाची, म्हणजे ६. तू घेतलीस २६. पण चूक झाली याचं मला काही नाही, चुका सगळे करतात. ती चूक उत्तरात ढळढळीत दिसत असताना तुला दिसली नाही, याचं आहे. आता पेन खाली ठेव आणि नुसती रांग डोळ्यांपुढे आण. सगळ्यांना बिलाच्या चढत्या क्रमानं उभं केलं. पहिले ६ जण विसाच्या आतले. त्यापुढचे २० जण २० ते ४० च्या पट्ट्यात, म्हणजे सातव्यापासून सव्विसाव्यापर्यंत. तुला हवाय पंचविसावा. तो त्या पट्ट्यात कुठं उभा असणार? अगदी टोकाला, शेवटून दुसरा. म्हणजे उत्तर चाळिसाच्या किंचित अलीकडे पडायला हवं. हे कळायला सूत्र लागलं नाही. आता सूत्र वापर : २० अधिक १९ भागिले २० गुणिले २०, बरोबर ३९. मुली, सराव म्हणजे पन्नास उदाहरणं घासणं असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असं की उत्तर येण्याआधी ते साधारण कुठं असेल हे बोलून दाखवायचं, आणि मग सूत्राला साक्षीला बोलवायचं. असा सराव दहा उदाहरणांचा केलास तरी पन्नासांना भारी पडेल.

परीक्षार्थी : वर्गाच्या बाहेर गेलं तर चूक, आत असलं तर बरोबर. एवढंच ना? हे मी समासात लिहून ठेवते.

आजोबा : एवढंच नाही. समज, सीएफ बरोबर घेतलीस पण शेवटी एचनं गुणायला विसरलीस. मग उत्तर येतं २० रुपये ९५ पैसे. वर्गाच्या आतच आहे की! पण पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस पहिल्या टोकाला कसा आला? ही चूक समासातल्या नियमाला सापडत नाही, रांग डोळ्यांपुढे असेल तरच सापडते.

परीक्षार्थी : पण बोर्डात पायऱ्यांना गुण असतात आजोबा. सूत्र लिहिलं, तक्ता केला, किमती घातल्या की उत्तर चुकलं तरी बरेचसे गुण खिशात. डोळ्यांपुढे रांग आणल्याचा अर्धा गुणही कुणी देत नाही. आणि पेपर दोन तासांचा, ४० गुणांचा. गुणाला तीन मिनिटं. त्यात तुमची रांग कुठं उभी करू?

आजोबा : पायऱ्यांचं मान्य. पायऱ्या लिहायच्याच, मी कुठं नको म्हणतो? पण राहिलेला गुण अंतिम उत्तराचा असतो, आणि तो तू आत्ता पाच सेकंदांच्या अंदाजाअभावी घालवलास. राहता राहिली ती तुझी गुणाला तीन मिनिटं. ती तरी काय आहे? मध्यच आहे, म्हणजे सरासरी, १२० भागिले ४०. प्रत्यक्षात पर्यायाच्या प्रश्नाला अर्धं मिनिट पुरतं आणि आयतालेख काढताना पट्टी, पेन्सिल, खोडरबर करीत तुझी दहा मिनिटं जातात. गुणाला बरोबर तीन मिनिटं ज्याला लागली असा प्रश्न कदाचित त्या पेपरात एकही नसेल. म्हणजे अख्ख्या परीक्षेचं वेळापत्रक तू एका अशा आकड्यावर बेतलंयस, जो कुठल्याच प्रश्नाला लागू नाही.

परीक्षार्थी : (क्षणभर गप्प) तुम्ही माझं वाक्य माझ्यावरच उलटवता. बरं, मध्य काढते. वर्गमध्य १०, ३०, ५०, ७०, ९०. गृहीत मध्य घेऊ ५०. विचलनं उणे चाळीस, उणे वीस, शून्य, वीस, चाळीस. गुणाकारांची बेरीज उणे ३८०, भागिले ५०, उणे ७.६. मध्य ४२.४. आणि अंदाजही सांगते : गर्दी डावीकडे आहे पण शेपूट उजवीकडे लांब गेलंय, म्हणून मध्यकापेक्षा थोडा जास्त. बसला की नाही?

आजोबा : बसला! आता गृहीत मध्य ३० धरून करून बघ.

परीक्षार्थी : बेरीज ६२०, भागिले ५०, १२.४. तीस अधिक १२.४... परत ४२.४. हे बरं आहे, कोणतीही थाप मारा, शेवटी खरंच बाहेर येतं.

आजोबा : थाप किती अंगाशी आली तेही तू त्याच तक्त्यात मोजतेस आणि शेवटी वजा करतेस, म्हणून. पण या तक्त्यात एक थाप आहे जी कुणीच वजा करत नाही. २० ते ४० मधल्या वीसही जणांनी बरोबर ३० रुपये दिले, असं आपण वर्गमध्य घेताना शपथेवर सांगतो. कुणी २२ दिले असतील, कुणी ३८. चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं तर बरं. म्हणून हे ४२ रुपये ४० पैसे अंदाजी आहेत हे विसरायचं नाही, आणि एवढं बिल देणारं गिऱ्हाईक त्या गाडीवर शोधत बसायचं नाही. मुंबईचंच बघ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच वेळी कुलाब्यात साधारण ७४. दोन्हींचा मध्य काढ, ५०९ येतो. गणित बिनचूक आहे. पण ५०९ मिलिमीटर पाऊस दोन्हीपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता. सांताक्रूझवाल्यांना तो आकडा थट्टा वाटला असता आणि कुलाबेवाल्यांना अफवा.

परीक्षार्थी : म्हणजे मध्य वाईट, मध्यक चांगला. हेच सांगायचंय ना? मग सरळ तसं सांगा, मी दोन ओळींत लिहिते.

आजोबा : थांब, तेही नाही. पैसेवारी ऐकली आहेस?

परीक्षार्थी : ती ५० पैशांच्या आत आली की पूर्वी दुष्काळ जाहीर व्हायचा.

आजोबा : हां. पीक पुरं आलं तर शंभर पैसे धरून, गावाचं पीक त्यातलं किती, ते महसूल खातं वर्षानुवर्षं काढत आलंय. ५० च्या आत गेली तर शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत मिळायची, अगदी तुझ्यासारख्यांची परीक्षा फीसुद्धा माफ व्हायची. खरा हिशेब पीकवार आणि क्षेत्रावर चालतो, आपण तो सोपा करून दहा सारख्या शेतांचं गाव धरू. सात जणांच्या शेतात ३० पैशांचं पीक. तिघांच्या विहिरींना पाणी, त्यांचं शंभरच्या शंभर. बेरीज ५१०, मध्य ५१. गाव एका पैशानं सुखी! सातांच्या घरात चूल अर्धी पेटते आणि कागदावर दुष्काळ नाही. मध्यक घेतला असता तर आला असता ३०, आणि फी माफ झाली असती. आता तू म्हणशील, मग सरकारनं मध्यकच घ्यावा. घे. शेजारच्या गावात सहा जणांचं पीक ५५ पैसे आणि चौघांचं शून्य, गारपिटीनं झोपलेलं. मध्यक ५५. तोच न्यायी मध्यक आता म्हणतोय, सगळं छान आहे! मध्य मात्र ३३, तो बिचारा ओरडून सांगतोय. पहिल्या गावात मध्यानं सात जणांना फसवलं, दुसऱ्यात मध्यक चौघांना फसवतो. म्हणून सूत्राला हात घालण्याआधी आकडे कसे पसरलेत ते बघायचं आणि उत्तर कुणाला कशासाठी हवंय ते विचारायचं.

परीक्षार्थी : पण प्रश्नपत्रिका विचारतच नाही ना! ती स्वच्छ सांगते, ‘मध्यक काढा’. निवड तिनं आधीच करून टाकलेली असते. तुमचा सगळा मुद्दा अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

आजोबा : हा तुझा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो मी पुरता खोडू शकत नाही. पेपर निवड करून देतो हे खरं. जेवण ताटात वाढलेलं असलं की भूक कशाची आहे ते विचारावं लागत नाही. पण जे आकडे बाहेर येऊन आपल्या मानेवर बसतात, त्यांच्यावर ‘मध्यक काढा’ असं लिहिलेलं नसतं. आपल्या दोन मोठ्या मराठी माणसांचा वादच बघ. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणशी दिवसाला २२५० कॅलरी ही रेघ धरली. पां. वा. सुखात्मे, जागतिक अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षं आकडेवारीचंच काम केलेले. त्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की ही सरासरी गरज आहे. धडधाकट माणसांतही निम्म्यांची गरज सरासरीच्या खालीच असणार, मग खाली दिसेल त्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणता? रेघ बरीच खाली ओढली पाहिजे. रेघ खाली आली की कुपोषितांची संख्या धाडकन उतरते. दांडेकरांना ते पटलं नाही आणि वाद बरीच वर्षं चालला. दोघांनाही सूत्रं तोंडपाठ होती. भांडण होतं ते सरासरीकडून कोणतं काम करून घ्यायचं यावर.

परीक्षार्थी : एक मिनिट. ‘निम्मे सरासरीच्या खाली’ म्हणालात. निम्मे खाली असतात ते मध्यकाच्या! मध्याच्या खाली किती असतील ते पसरण्यावर आहे. आपल्या गाडीवर मध्यक ३९ आणि मध्य ४२.४, म्हणजे मध्याच्या खाली निम्म्यांहून जास्तच.

आजोबा : (खुर्चीत ताठ होत) पसरणं दोन्ही बाजूंना सारखं असेल तर दोन्ही एकाच जागी पडतात, आणि त्यांनी तसंच धरलं होतं... पण मी ते बोललो नाही. पकडलंस.

परीक्षार्थी : अर्धा गुण कापला. पायऱ्यांना दिलेत.

आई : (आतून) गप्पा झाल्या असतील तर सांगा, कणीक किती भिजवू? दादा क्लासहून येतोय.

आजोबा : मध्यक घे. आपण पाच जण, २, २, ३, ३ आणि दादा १०. मध्यक तीन. माणशी तीन, पाच त्रिक पंधरा पोळ्या.

परीक्षार्थी : आजोबा! दादा उपाशी मरेल. आईला नमुनेदार माणूस नकोय, एकूण पोळ्या हव्यात, आणि माणसांनी गुणून एकूण परत देणारा मध्य हा एकटाच. बेरीज वीस, मध्य चार, पाच चोक वीस. गाडीवाल्याचंही तेच. ४२ रुपये ४० पैसे कुणी दिले नाहीत, पण पन्नासानं गुणले की अंदाजे २१२० चा गल्ला मिळतो. मध्यकानं गुणलं तर १९५०, म्हणजे १७० रुपये गायब आणि पोऱ्यावर आळ! गाडीवाल्याला मध्य हवा, आणि दादाला चिडवायचं असेल तेव्हा मध्यक.

आजोबा : आणि बहुलक?

परीक्षार्थी : सगळ्यात जास्त गर्दी २० ते ४० मध्ये, डावीकडे सहाच आणि उजवीकडे चौदा. म्हणजे उजवीकडे झुकणार, तिसाच्या पुढे. (लिहीत) वीस वजा सहा चौदा, चाळीस वजा सहा वजा चौदा वीस... ३४. बसला! पाटावरचे तिन्ही भाऊ बरोबर बसले.

आई : वीस पोळ्यांची कणीक भिजवली. आता लाटायला कोण येतंय?

(दोघंही वहीत डोकं घालतात.)

परीक्षार्थी : एल अधिक, कंसात एन भागिले दोन...

आजोबा : वजा सीएफ. मागच्या वर्गाची.