नानांचं आवर्तन

पिंप्राळ्याच्या माणसाला गाड्यांचं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. उड्डाणपूल व्हायच्या आधी जळगावात जायचं म्हणजे रेल्वेगेट ओलांडायचं, आणि गेट म्हणजे बंद गेट. शाळा, ऑफिस, दवाखाना, लग्न, मयत, सगळं त्या गेटशी येऊन थांबायचं. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर अशा अवस्थेत आमच्या दोन पिढ्या तिथे उभ्या राहिल्या. नाना तर मालगाडीचे डबे मोजायचे आणि काल किती होते तेही सांगायचे. मग पूल झाला. सगळा गाव खूश झाला, नाना तेवढे खट्टू. रोजची वीस मिनिटं अचानक मोकळी पडली. त्या मोकळ्या जागेत त्यांनी सहल बसवली.

नाना पाटबंधारे खात्यात लेखनिक आहेत. कागद फिरल्याशिवाय कालव्याला पाणी सुटत नाही, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. म्हणून सहलीचीही फाइल होते. हिरव्या लेसची, पुठ्ठ्याची. वर ठसठशीत अक्षरात : ‘विषय – उन्हाळी सहल (समुद्र व शहर), चालू वर्ष. मान्यतेस्तव सादर.’ ही टिपणी आधी वहिनींपुढे जाते. वहिनी पिठाचा हात पदराला पुसतात, पेन घेतात आणि ‘पाहिले’ असं लिहून सही करतात. ‘मान्य’ म्हणून त्यांनी आजवर एकदाही लिहिलेलं नाही.

“मास्तर, पाहिले म्हणजे काय असतं?” नाना मला ओट्यावर बसून विचारतात. “उद्या ऑडिट लागलं तर ही बाई मोकळी, मी अडकलो.”

हे सगळं सुरू होतं संक्रांत झाली की. एके काळी त्याच्याही आधी व्हायचं, कारण रेल्वेचं आरक्षण एकशेवीस दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांवर आली. देशभरातल्या प्रवाशांना त्याचं काय वाटलं मला माहीत नाही. नानांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. “चार महिन्यांचं सुख होतं भो, दोनावर आणलं.” मला त्यांचं दुःख कळतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेव्हा कूलरपुढे बनियनवर बसून ‘मांडवा जेट्टी, सकाळी ९.१५’ असं लिहिणारा माणूस अर्धा मांडव्याला पोचलेलाच असतो.

मुलं लहान होती तोवर या कागदांना विरोध नव्हता. चल म्हटलं की मुलं चपला घालायची. सप्तशृंगी चल, शेगाव चल, पाटणादेवी चल. दरवर्षी देव आणि डबा. आता मुलगी बारावी देऊन बसलीय, मुलगा दहावी. घरात चप्पल घालण्याआधी चर्चा होते. नानांनी रीतसर मागणीपत्र मागवलं. मुलीने फोनवर टाइप करून पाठवलं : समुद्र पाहिजे, मुंबई पाहिजे, देऊळ नको, नातेवाईक नको, आणि ट्रिप ‘ॲक्टिव्ह’ पाहिजे. मुलाने एकच ओळ पाठवली, की दहाच्या आधी उठवायचं नाही.

नानांनी दोन्ही अर्ज फाइलला लावले आणि एकच शब्द धरून बसले. ॲक्टिव्ह. मुलीच्या मनात काय होतं? पाण्यात खेळू, सायकल मारू, किल्ला चढू. नुसतं वाळूत चादर टाकून दशमी-चटणी खात बसायचं नाही, इतकंच. नानांना त्यात शिस्त दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते दोन्ही मुलांना घेऊन मेहरूण तलावाला निघाले. तालीम म्हणून. मुंबईत रोज किती चालावं लागेल याचा त्यांनी हिशेब काढला होता आणि तेवढं अंतर तलावाभोवती किती फेऱ्यांत बसतं हेही. पाठीवर प्रवासात असेल तेवढंच ओझं हवं, म्हणून दोन्ही सॅकमध्ये गव्हाचं पीठ भरलं होतं. मुलगा तिसऱ्या फेरीला बाकावर झोपला. मुलीने फेऱ्या पुऱ्या केल्या आणि पुढचे दोन दिवस बापाशी बोलली नाही.

पहिला मसुदा गोव्याचा होता. गोवा एक्सप्रेस जळगावला थांबते, ही गोष्ट नानांना देवाने खानदेशाला वेगळी काढून दिल्यासारखी वाटते. दिल्लीची गाडी, वास्कोला जाणारी, आणि मध्ये आपल्यासाठी थांबते! मनमाड, दौंड, पुणे, मिरज, लोंढा, सगळं पाठ. पण वहिनींनी त्या टिपणीवर ‘पाहिले’ सुद्धा लिहिलं नाही. “मोठी मुलं घेऊन गोव्याला? लोक काय म्हणतील?” लहान मुलं घेऊन गेलं तर लोक काय म्हणत नाहीत, हे नानांनी विचारलं नाही. त्यांना नोकरी करायचीय, घरातही.

मग आला मुंबई-अलिबागचा मसुदा. तो मी पाहिलाय, आणि अजून विसरलो नाही. लेजरच्या पानावर पाच रकाने : वेळ, स्थळ, कृती, जबाबदारी, शेरा. ‘विदर्भ’ने रात्री निघून सकाळी मुंबई. ‘६.५५ ते ७.१० : स्थानकाची इमारत बाहेरून पाहणे. जबाबदारी : सर्व.’ ‘७.१० ते ७.२५ : दात.’ वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, मरीन ड्राइव्हवर पायी, डबलडेकरचा वरचा मजला. तिसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. मुलाच्या दहाच्या अटीपुढे शेरा होता : ‘मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येत आहे.’

अलिबागचा कळस म्हणजे कुलाबा किल्ला. तो समुद्रातच, पण ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. भरती आली की होडी. आता भरती-ओहोटी म्हणजे काय, तर ठरल्या वेळी पाणी येणं आणि ठरल्या वेळी जाणं. नानांच्या भाषेत आवर्तन. तापीकाठच्या या माणसाने समुद्र उभ्या जन्मात एकदाच पाहिलेला, चौपाटीवर, तोही गर्दीत. पण पाण्याचं आवर्तन म्हटल्यावर तो विषय त्यांचा झाला. ऑफिसात रत्नागिरीकडून बदलून आलेले एक साहेब होते. त्यांनी चहाच्या टपरीवर कोकणातला हिशेब सांगितला : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, दिवसा असो की रात्री. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

नाना त्या दिवशी घरी आले ते तरंगतच. “आपल्याकडे पाटाचं पाणी सोडायला कालवा समितीची बैठक लागते, मास्तर. तिकडे नुसती तिथी!” भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मे महिन्यावर त्यांनी प्रत्येक चौकोनात भरती आणि ओहोटी लिहून टाकली. वहिनींनी गॅस सिलिंडरच्या नोंदी कुठे करायच्या हा प्रश्न उरला. पिंप्राळ्यात आज मालवणला पाणी किती वाजता चढलं हे माहीत असलेलं ते एकमेव घर होतं.

तिकिटं काढली. कन्फर्म. चारच्या चार, त्यातली एक खिडकी. नानांनी गल्लीत पेढे वाटले नाहीत, एवढंच.

आणि मग खानदेशातला उन्हाळा सुरू झाला. बाहेरच्यांना वाटतं, आमचा उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन. उन्हाळा म्हणजे आखाजी, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या दिवसांत घर सोडायची सोय नाही. मग कुरडया आणि बिबड्या. गच्चीवर धोतरं पसरून वाळवण पडलेलं असतं. “माझ्या बिबड्या वाळेपर्यंत मला समुद्र नको,” हे वहिनींचं वाक्य फाइलमध्ये नाही, पण सगळ्यात वजनदार तेच होतं. मेच्या सुरुवातीला मुलीची नीट, त्याच्या मागेपुढे सीईटी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर लग्नं. खानदेशात मे महिन्यात लग्न नसलेला दिवस शोधायला नानांनी वेगळा तक्ता केला होता. तरी नेमक्या ‘विदर्भ’च्या दिवशी वहिनींच्या भावाच्या मुलीची हळद निघाली. सख्ख्या भावाची. तिथे नियोजनाचं काही चालत नाही.

तिकिटं रद्द करताना नानांच्या कपाळावर एक आठी नव्हती. मला तेव्हाच संशय आला होता. दुसऱ्या दिवशी ‘सुधारित प्रस्ताव’ तयार. पण या वेळी तारखा पुढे सरकल्या त्या मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि २६ मेपासून पावसाळ्यासाठी किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद, किल्ल्यांच्या होड्या बंद. आठव्या, नवव्या मसुद्यालाही तोच अडथळा. शेवटी मुलीने फाइल हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “पप्पा, आपण सुरतला आत्याकडे जाऊ. पण जाऊ.”

मागणीपत्रात नातेवाईक नको म्हणून लिहिणारी ही मुलगी.

नानांना सुरत कधी सुचली नव्हती, कारण सुरतेच्या गाड्या आमच्या गेटातून जात नाहीत. तो फाटा वेगळा, त्याचं गेट वेगळं. अर्धा खानदेश पोटासाठी त्या मार्गाने गेला आणि तिकडेच राहिला. पण सहलीला कोणी सुरतेला जातं का? तरी निघाले. आरक्षण नाही, पॅसेंजर, डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. नवापूरला मुलगा दहाच्या आधी आपणहून जागा होता, कारण तिथल्या फलाटावरून राज्याची सीमा जाते. एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातेत ठेवून त्याने फोटो काढला. ‘ॲक्टिव्ह’ रकान्यात नानांनी ते नोंदवून घेतलं.

पुढचं मला त्या मुलाने सांगितलं, मोबाइलवर दाखवत दाखवत. सुरतेचा समुद्र म्हणजे डुमस. काळी वाळू. नानांनी तिथी पाहिली, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. साडेतीनला सगळी वरात किनाऱ्यावर हजर : चौघं, आत्या, आत्याची दोन मुलं. समोर चिखल. लांबवर एक चकाकती रेघ, तो समुद्र. पावणेचार झाले, रेघ रेघच. चार झाले. आत्याची पोरं हसायला लागली. नाना घड्याळ कानाला लावून पाहात होते.

तो कोकणचा हिशेब होता. खंभातच्या आखाताच्या बाजूला भरती चढायला उशीर लागतो, हे टपरीवर कोणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी चादर अंथरली. आत्याने टोमॅटोची भजी आणवली. मुलं चिखलात खेकड्यांची भोकं शोधत किती लांब गेली याचा कोणी हिशेब ठेवला नाही, मेहरूणच्या तीन-चार फेऱ्या सहज झाल्या असतील.

पाच वाजून गेल्यावर पाणी निघालं. व्हिडिओत ते दिसतं. पाटाला पाणी सुटतं तसंच, आधी सऱ्यासऱ्यांतून जिभा पुढे येतात, मग मधला चिखल बुडतो, मग एकदम सगळं सपाट. पोरं पुढे आणि पाणी मागे. नाना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. आत्या मागून ओरडते, “दादा, हे तुझंच पाणी बरं! सहा सालच्या पुरात माझ्या तळमजल्यात शिरलं होतं.” ऑगस्ट २००६. उकाई धरणातून तापीत पाणी सोडलं होतं आणि सुरत बुडाली होती. त्या दिवसांत नाना इकडे ऑफिसात आकडे लिहीत बसले होते. हतनूर धरणाचे दरवाजे किती उघडले, तापीच्या पात्रात किती क्युसेक विसर्ग. ‘पात्रात’ लिहिलं की नानांची नोंद संपायची. ते पाणी पुढे कुठे जातं, हा रकानाच त्यांच्या वहीत नव्हता.

नानांनी ओंजळ भरली, जिभेला लावली, तोंड वाकडं केलं.

“सोडलं तेव्हा गोड होतं,” ते म्हणाले.

मुलगी कमरेएवढ्या पाण्यातून ओरडली, “पप्पा, कागदावर निघायची वेळ साडेपाच आहे!”

“मुदतवाढ,” नाना म्हणाले. पेन खिशातच होतं.