सहा पंपांची मालकीण

आयसीयूत काही वर्षं काढली की नर्सला एक विकार जडतो. आपल्याला सगळं येतं, असं तिला वाटायला लागतं. मला तो ओहायोत जडला आणि चांगलाच मुरला. पेशंटला सहा पंप लावलेले, नॉरएपिनेफ्रिन चालू, व्हेंटिलेटर ठणाणा करतोय आणि मधोमध उभी राहून मी रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरला "असं करून बघू या का?" म्हणून अदबीनं सुचवतेय. तो बिचारा मान डोलावतो. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

त्या भरात मी नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी नर्स, व्हायचं ठरवलं. त्यासाठी अमेरिकेत आयसीयूचं निदान एक वर्ष गाठीशी लागतं. माझ्याकडे त्याहून कितीतरी जास्त होतं. पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट, पगार बंद आणि डोक्यावर कर्ज. सांगलीला फोन केला, तर काका म्हणाले, "भूल द्यायला डॉक्टर लागतो गं. नर्सला कोण हात लावू देतंय?" त्यांचं चूक नव्हतं, आपल्याकडे ते काम डॉक्टरांचंच. मग मी त्यांना इतिहास ऐकवला. पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावात सिस्टर मेरी बर्नार्ड 1887 सालीच भूल देऊ लागल्या होत्या. सर्जन मेयो बंधूंकडच्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी 1906 मध्ये 14,000हून अधिक पेशंटांचा हिशोब छापला. त्यात भुलीपायी गेलेला एकही नव्हता. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "त्या बायकांचं पटलं," ते म्हणाले, "मी तुझं विचारतोय."

घशातून श्वासाची नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप हातात आला आणि काकांची शंका रास्त वाटायला लागली. तो डाव्या हातात धरायचा असतो, कारण उजव्यात नळी. लहानपणी प्रसादासाठी पुढे केला म्हणून आजीनं ज्या हातावर चापट मारली, त्याच्यावर आता माझं पोट. 'डाव्या हातचा मळ' म्हणणाऱ्यानं कधी कुणाचा जबडा उचललेला नसावा. लॅबमधल्या पुतळ्याच्या वरच्या दातांवर जोर पडला की कट्‌ असा आवाज येतो. बाकीच्यांचे पुतळे अधूनमधून वाजायचे. माझा सुपारी कातरत बसल्यासारखा वाजायचा.

पण पुतळा तक्रार करत नाही. आयसीयूत माझे पेशंट बहुधा नळीसकटच यायचे. नाहीतर नळी घालायला कुणीतरी धावत यायचं आणि मी ती हातात द्यायची. इथे ऑपरेशन थिएटरात बायकोला हात हलवून, धडधाकट बोलत आत आलेला माणूस. त्याला प्रोपोफॉल मीच द्यायचं, त्याचा श्वास थांबणार आणि पुढचे श्वास माझ्या मुठीतल्या पिशवीतून.

माझ्या वाट्याला आलेल्या गृहस्थांना छातीपर्यंत दाढी होती. अंगठा आणि तर्जनीनं मास्क दाबून धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर ओढायचा, एवढंच काम. मी पिशवी दाबली की हवा छातीऐवजी दाढीतून फुर्र करून निघून जायची. आणि मॉनिटरची सोय अशी की रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्याच्या टिकटिकीचा सूरही उतरतो. आयसीयूत अलार्म गप्प करायचं बटण मला अंधारातही सापडायचं, पण हा उतरता सूर सगळी खोली ऐकते. सर्जन मान वर न करता म्हणाले, "खाली चाललाय." मी सवयीनं ओरडले, "डॉक्टरांना बोलवा!"

खोलीत तीन डॉक्टर होते. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता माझे दोन्ही हात मास्कवर दाबले आणि पिशवी स्वतःकडे घेतली. सूर चढला. माझा चेहरा उतरलेलाच राहिला.

शेवटची परीक्षा 100 ते 170 प्रश्नांची. संगणकाला निकालाची खात्री पटली की तो मध्येच थांबतो, काय खात्री पटली ते मात्र सांगत नाही. पास झाले. आईनं सोसायटीत 'डॉक्टर झाली' म्हणून पेढे वाटले; तेव्हापासून मला व्हॉट्सअ‍ॅपवर शेजाऱ्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे येतात.

कौतुकाची मात्र बोंब. आयसीयूत नातेवाईक डोनटचे खोके आणायचे, हात धरून रडायचे. इथे परवा एका आजींना ऑपरेशनआधी मी माझं नाव सांगितलं, नातवंडांची चौकशी केली, मग गुंगीसाठी थोडं मिडॅझोलॅम दिलं. पुढचे तीन तास डोळ्यांत तेल घालून बसले. रिकव्हरीत आजींनी डोळे उघडले, मला नीट निरखलं आणि तिथल्या नर्सला म्हणाल्या, "ती भूल देणारी बाई अजून आलीच नाही का गं?"