पाय जोरात, हात जागीच

परवा नाना चहाला आले आणि जाताना माझ्या मुलाच्या लग्नाचं निदान करून गेले. "पाय जोरात, हात जागीच. गाठ होणार." आमचा गुन्हा एवढाच, की एकाच रविवारी मुली पाहायचे तीन कार्यक्रम ठेवले होते.

तुमच्याही सोसायटीत एक नाना असणारच. नोकरीतून निवृत्त, शिकवण्यातून नाही. आमचे नाना विद्युत मंडळात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेला सहा महिने राहून आले. बाकीचे लोक तिकडून बदाम आणि तिकडच्या रस्त्यांचं कौतुक घेऊन येतात. नाना फ्री मोशन क्विल्टिंग घेऊन आले. तिथल्या एका दुकानातल्या वर्गात म्हणे चौदा बायका आणि हे एकटे. त्या चौदाजणींची मला आजही काळजी वाटते.

हे क्विल्टिंग म्हणजे काय, असं मी कधीही विचारलेलं नाही. तरी मला ते पाठ आहे.

"साध्या शिवणात कापड पुढे कोण सरकवतं? सुईखालचे दाते. इथे ते दाते खाली पाडायचे. आता कापड मोकळं. पुढे ने, मागे ने, गोल फिरव. पण मग टाका किती लांब पडणार, हे कोण ठरवणार? मशीन नाही. तू! पायाने सुईचा वेग, हाताने कापडाचा. पाय जोरात आणि हात जागीच, तर एका ठिकाणी पन्नास टाके. गाठ! हात जोरात आणि पाय ढिला, तर हे एवढाले टाके. रात्री पांघरूण ओढलं की पायाचं बोट अडकतं त्यात."

इथवर ठीक होतं. पण नानांनी या दोन दोषांत अख्खी मनुष्यजात बसवली. सोसायटीचे चेअरमन पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलले: गाठ. सिग्नल सुटायच्या आधी हॉर्न वाजवणारा रिक्षावाला: गाठ. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं पुस्तक उरकणारा त्यांचा नातू: लांब टाका. माझा दिवाळी अंकातला लेख वाचून म्हणाले, "हात जोरात, पाय ढिला. तिसऱ्या परिच्छेदात माझं बोट अडकलं."

एकदा तर त्यांनी मला प्रात्यक्षिकाला बसवलं. "मिनिटाला सहाशे टाके धर. इंचाला दहा हवेत. मग हात किती सरकायला हवा?" मी गप्प. "सेकंदाला एक इंच!" डायनिंग टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, माझे दोन्ही तळवे त्यावर ठेवले, आणि घड्याळाकडे बघत म्हणू लागले, "इंच... इंच... इंच..." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन मोठे पुरुष पेपर सरकवत बसलेले तिने पाहिले, आणि काही न बोलता आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

आमची आणि त्यांची भिंत एक. सुरुवातीचे काही महिने त्या भिंतीतून नानांची प्रगती ऐकू यायची. घर्रर्र, थांब, घर्रर्र, मग एक 'टक्', आणि त्यावर "मोडली!" कापड हिसडलं की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटून मोडते. कधी शिकवण्याच्या भरात मशीनचा फूट खाली करायलाच विसरायचे. मग कापडाच्या उलट्या बाजूला दोऱ्याचं घरटं. पायडलचा अंदाज यावा म्हणून अनवाणी बसायचे, आणि कापडावर पकड यावी म्हणून बोटांना रबर असलेले हातमोजे घालायचे. त्याच वेषात दार उघडलं, तेव्हा दूधवाल्याने आधी पिशवी खाली ठेवली आणि मग विचारलं, "काका, सगळं ठीक ना?"

काकूंचं मात्र सगळं हातावर. जुन्या साड्यांचे थर, कडेने सुरुवात, धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत. ना इंच, ना सेकंद. नाना एकदा त्यांना सांगत होते, "1989 साली केंटकीतल्या पाडुका गावी पहिल्यांदा मशीनवर क्विल्ट केलेल्या गोधडीला सर्वोत्कृष्ट म्हणून बक्षीस मिळालं. कॅरल ब्रायर फॅलर्ट नावाच्या बाई. गोधडीचं नाव, कोरोना टू."

काकूंनी दोरा दाताने तोडला. "पांघरुणाला कोरोना नाव ठेवतात?"

"सूर्याचा कोरोना गं!"

"मग उन्हाळ्यात घ्यायचं असेल," असं म्हणून त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

एवढा हिशेबी माणूस, पण सोसायटीचा साधा फॉर्म माझ्याकडून भरून घेणार. मी खजिनदार, म्हणजे जणू त्यांचा कारकून. चहा कायम अर्धा कप. पूर्ण भरून दिला तर परत करणार. मला वाटायचं, साहेबी अजून उतरली नाही.

गेल्या महिन्यात लिफ्टच्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. कागद घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं. टीपॉयवर बँकेतून परत आलेला चेक पडला होता. सही जुळत नाही. "तिसरा," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू ठेवा, बघू."

नाना मशीनशी बसले होते, पाठमोरे. कापडावर ठेवलेले त्यांचे हात थरथरत होते, भात शिजताना पातेल्यावरचं झाकण थरथरतं तसे. त्यांनी पाय हलकेच दाबला. सुई सावकाश वरखाली होऊ लागली, आणि रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली.

"आलास? बघ," ते मागे न वळता म्हणाले. "लोकांना वाटतं हळू म्हणजे बरं. सायकल अगदी हळू चालवून बघ. पडशील." त्यांनी पाय आणखी थोडा दाबला. घरघर चढली आणि एका सुरात आली. हात फिरू लागले. रेघ वळली, पुन्हा वळली, कुठे स्वतःलाच न छेदता नदीसारखी कापडभर पसरत गेली. थरथर कुठे गेली कळलं नाही. "या वेगाला तो मागे पडतो," नाना म्हणाले. 'तो' म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि नानांना काही न विचारण्याची ती माझी पहिली मनापासूनची वेळ.

मी हातातला कागद मागे लपवला. त्यांनी तो बघितला होता.

"आण इकडे."

"राहू दे नाना, नंतर..."

"आण म्हणतो ना!"

त्यांनी ठराव सुईखाली सरकवला. मी म्हटलं, "फाटेल."

"हात जागीच राहिला तर फाटेल."

एक श्वास, आणि घर्रर्र. मोठा 'ना', पुढचं वळण, आडनावाची शेपटी आणि खाली ती आडवी रेघ, जी मी मेंटेनन्सच्या जुन्या चेकांवर वर्षानुवर्षं पाहिली होती. हुबेहूब. दोरा तोडून त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि लगेच माझ्या चपलांविषयी काहीतरी बोलले, कारण मी त्या घाईत उलट्या काढल्या होत्या. पाय जोरात.

आमच्या दप्तरात त्या ठरावावर आता अकरा सह्या शाईच्या आहेत आणि एक लाल दोऱ्याची. ऑडिटर विचारतीलच. घरी येऊन मी पट्टी लावून टाके मोजले. इंचाला नऊ. त्यांना सांगितलेलं नाही.