सहा कोर्टं, एक बाई

विंबल्डनच्या सेंटर कोर्टावर सर्व्हिसच्या वेळी कोणाला शिंक आली तर तो बिचारा दिवसभर ओशाळलेला राहतो. टेनिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच सोवळे येते. त्यामुळे अमेरिकेतला कॉलेज टेनिसचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याला आपण भलत्याच मैदानात शिरलो असे वाटते. सहा कोर्टांवर एकेका संघाच्या सहा मुली एकाच वेळी एकेरी खेळत असतात. पॉइंट मिळाला की पहिल्या कोर्टावरची ओरडते, चौथ्यावरची तिथूनच तिला साद घालते, आणि कठड्यामागे आईबाप, वर्गमित्र नि रूममेट यांचा वेगळाच कल्ला चालू असतो. या सगळ्यात टोपी डोळ्यांवर ओढून, हात पाठीमागे बांधून एक बाई या कोर्टावरून त्या कोर्टाकडे चालत असते. ही हेड कोच. हातात रॅकेट नाही. तिची अर्धी नोकरी म्हणजे कुठे उभे राहायचे ते ठरवणे.

हिशेब असा असतो. आधी दुहेरीचे तीन सामने, एकेका सेटचे. तीन जोड्यांनी जिवाचे रान करायचे आणि त्यातले दोन सामने जिंकणाऱ्या संघाला मिळून किती, तर एक पॉइंट. मग एकेरीचे सहा सामने, त्यांचे सहा पॉइंट. सातांतले चार ज्याचे, तो जिंकला. व्यावसायिक टेनिसमध्ये प्रेक्षकांत बसून खाणाखुणा करणाऱ्या कोचला वर्षानुवर्षे बंदी होती. कॉलेजात मात्र कोच थेट कोर्टावर जाऊन मुलीच्या शेजारी बसू शकते. पण बसायचे कोणाशेजारी? पुढे असलेलीला गरज नाही, पार बुडालेलीला उपयोग नाही, हे कागदावर सोपे. प्रत्यक्षात चौघी जणी 4-4 वर अडकलेल्या असतात आणि कोचला पाय दोनच. त्यात काही मुली अशा, की कोच जवळ आली की डबल फॉल्ट ठरलेला. त्यांच्यापासून लांब राहणे हेच त्यांचे कोचिंग. हे कळायला एकेका मुलीचे एकेक वर्ष जाते, आणि मुलगी हाताशी असते चार वर्षे.

या विद्येतले मोठे नाव म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लेले फरूड. रोमन लिपीत त्यांच्या पहिल्या नावाचे स्पेलिंग थेट आपल्या लेल्यांचे. तिकडे उच्चार काय करायचा तो करोत, पण निकालाच्या रकान्यात ते वाचून मराठी माणसाची छाती क्षणभर उगीचच फुगते. सदाशिव पेठेशी बाईंचा काही संबंध नाही. त्या सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डकडून खेळल्या, व्यावसायिक दौऱ्यावर हिंडल्या, परत येऊन फ्रँक ब्रेनन यांच्या हाताखाली बरीच वर्षे सहायक राहिल्या आणि 2000 साली ब्रेनन निवृत्त झाल्यावर हेड कोच झाल्या. ब्रेनन यांनी 1982 ते 1999 या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. अशा माणसाच्या खुर्चीत बसणे ही सुखाची गोष्ट नव्हे. लोक दर पराभवानंतर मागच्यांचे दिवस आठवतात. फरूडबाईंनी 2001 मध्ये पहिले विजेतेपद मिळवले आणि 2019 मध्ये दहावे. दहाला दहा, हिशेब चुकता.

गंमत पुढेच आहे. ब्रेनन यांचे वडील एकेकाळी बिली जीन किंग यांचे मार्गदर्शक. आणि ब्रेनन यांचा मुलगा फ्रँकी पुढे बरीच वर्षे फरूडबाईंचा सहायक. म्हणजे ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्या मुलाला शिकवायचे. घराणी फक्त आपल्या गवयांतच असतात असा समज असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

2016 आणि 2018 साली स्टॅनफर्डला मानांकन होते पंधरावे. पंधरावे मानांकन म्हणजे जाणकारांनी सभ्य शब्दांत मोडीत काढणे. दोन्ही वर्षी या मुलींनी अंतिम सामना 4-3 असा जिंकला. पण मला त्याहून 2011 आठवते. 1999 पासून स्टॅनफर्डच्या मुली घरच्या कोर्टांवर सलग 184 सामने जिंकल्या होत्या, आणि त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धाही स्टॅनफर्डलाच होती. अंतिम सामन्यात फ्लोरिडाशी 3-3 अशी बरोबरी झाली आणि फ्लोरिडाच्या लॉरेन एम्ब्रीने तिसऱ्या सेटमध्ये पिछाडीवरून उरलेला सामना काढला. बारा वर्षांची पुण्याई एका सेटमध्ये खलास. अशा वेळी चालू असलेले कोर्ट एकच उरते, त्यामुळे कुठे उभे राहायचे हा प्रश्न सुटलेला असतो. काय बोलायचे, हा उरतो.

तरीही या नोकरीतला सर्वांत अवघड क्षण पराभवाचा नसावा. एखाद्या संघाचे चार पॉइंट झाले की बाकीचे सामने जागच्या जागी थांबवतात. समजा सहाव्या कोर्टावरची पोर तिसऱ्या सेटमध्ये 5-3 ने पुढे आहे, जन्मात खेळली नाही असे खेळते आहे, आणि तिकडे दुसऱ्या कोर्टावर मैत्रिणीने चौथा पॉइंट घेतला. सगळ्या जणी त्या मैत्रिणीकडे धावतात. हिनेही धावायचे, मिठ्या मारायच्या, उड्या मारायच्या. निकालात हिच्या नावापुढे शेरा येतो, ‘अपूर्ण’. विजयाच्या त्या गर्दीतून हिला आधी हुडकून काढणारी कोच ती खरी, असे माझे मत आहे.

ही नोकरी उभी राहिली ती कायद्याच्या जोरावर. 1972 च्या टायटल नाइनने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायची मनाई केली आणि कॉलेजांना मुलींच्या खेळांसाठी हात सैल करावा लागला. तेव्हा मुलींच्या संघांच्या कोच नव्वद टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या, कारण त्या कामात पैसे नव्हते. पैसे आले तसे पुरुषांनाही मुलींच्या खेळाची गोडी लागली, आणि बायका निम्म्याहूनही कमी उरल्या. शिष्यवृत्त्यांचेही तसेच गमतीचे. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाला 85 शिष्यवृत्त्या. त्याचा तोल साधायचा म्हणून मुलींच्या टेनिसला आठ आणि मुलांच्या टेनिसला साडेचार. त्या अर्ध्या खेळाडूचे काय करायचे या विवंचनेत मुलांचे कोच पिढ्यान् पिढ्या झुरले. 2025 पासून बऱ्याच विद्यापीठांत ही मर्यादा जाऊन संघात दहाच जण असा नियम आला. मुलांच्या कोचना आता निदान पूर्ण खेळाडू मोजता येतील.

खरे कष्ट कोर्टाबाहेर असतात, आणि त्यांचे वर्णन आपल्याला परके वाटणार नाही, कारण तो शुद्ध मुली बघण्याचा कार्यक्रम आहे. मुलीचे दहावीचे वर्ष संपल्यावर 15 जूनपासून कोचने तिच्याशी थेट बोलायचे, त्याआधी नाही. आपल्याकडे शाळा उघडण्याचा जो मुहूर्त, तोच तिकडे स्थळे सांगून येण्याचा. मग फोन, पत्रे, कॉलेज दाखवायला नेणे. फरक एवढाच की इथे परीक्षा बघायला येणाऱ्याची होते. भल्या भल्या विजेत्या कोच कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर अवघडून बसतात, समोर येईल ते खातात आणि वसतिगृह किती सुरक्षित आहे ते आजीला समजावतात. एवढे करून पोर एक-दोन वर्षांत व्यावसायिक टेनिसला निघून जाऊ शकते, किंवा बदलीचा अर्ज टाकून प्रतिस्पर्ध्याच्या घरी नांदायला जाऊ शकते.

ज्या मुली राहिल्या त्यांच्या सरावाचे तास मोजायचे. आठवड्याला वीस तास, दिवसाला चार, एक दिवस सुट्टी. सामना कितीही चालो, वहीत तीन तासच लिहायचे. चार तास उन्हात तळून निघालेल्या मुलीला हे समजावून सांगण्याचे कामही अर्थात कोचचेच.

आपल्या कॉलेजांत टेनिसच्या मुलींसाठी वेगळी, पूर्णवेळ कोच हे स्वप्नही कोणाला पडत नाही. जिमखान्याचे सर खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळे सांभाळतात, आणि शिवाय कपाटाची किल्लीही. म्हणून श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली, तिथे कॉलेज टेनिस खेळली, आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. तिचे विद्यापीठ 2013 मध्ये फरूडबाईंच्याच संघाकडून 4-3 असे अंतिम सामना हरले होते. त्याला पहिले विजेतेपद मिळाले ते 2024 मध्ये. या धंद्यात अकरा वर्षे म्हणजे मुलींच्या जवळजवळ तीन पिढ्या.

तेव्हा तुमच्या सोसायटीत भिंतीवर चेंडू बडवून वॉचमनची दुपार खराब करणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्या आईवडिलांना एक सांगून ठेवा. पुढेमागे तिकडच्या कोचचा फोन आलाच तर शिष्यवृत्ती किती, थंडी कशी, शाकाहारी जेवणाचे काय, हे सगळे खुशाल विचारा. पण फोन ठेवण्याआधी तिच्या संघातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीचा नंबर मागा. पहिल्या नंबरवर खेळलेलीचा नको, सहाव्या नंबरवर खेळलेलीचा.