खाडीपलीकडचे स्वयंपूर्ण शहर

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या नव्या मुंबईच्या कल्पनेचे सूत्र सरळ होते: रोजगार खाडीपलीकडे गेला की माणसेही जातील, आणि त्याचा श्रीगणेशा शासनाने आपली कार्यालये हलवून करावा. शासनाने 1970 मध्ये शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन केली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या; मंत्रालय तेवढे जागचे हलले नाही, उलट त्याच्याच शेजारी, नरिमन पॉइंटला, समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. इकडे ‘नोड’, म्हणजे घर, शाळा, बाजार आणि काम हाकेच्या अंतरावर असलेला स्वयंपूर्ण नगरविभाग, नकाशावर रेखीव उमटला. त्यातील रहिवासी सकाळी वाशी स्थानकावर, तिघांच्या बाकावरील चौथ्या सीटच्या आशेने, स्वयंपूर्णतेकडे पाठ करून सीएसएमटी लोकलची वाट पाहतात. 1992 पर्यंत तर ही गाडीही नव्हती, म्हणजे तोवर स्वयंपूर्णता सक्तीचीच म्हणावी लागेल. बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी केंद्र हे बिरुद आधीच बहाल झाले होते, व्यापार मागाहून यायचा होता. सिडकोचे मुख्यालय तेथेच आहे. नोंदणीकृत कार्यालय मात्र नरिमन पॉइंटला आहे.