उणे 40 वरचे एकमत

उणे 40 अंशांवर सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे एकमत होते. गाडीमालक आणि वॉरंटीवाला यांचे मात्र तिथेही होत नाही. अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये उभ्या गाडीचे इंजिन गरम राहावे म्हणून पार्किंगमध्ये विजेचे प्लग असतात. अशा ठिकाणी जीपला इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवायचा, म्हणजे त्याच्या गिअरमधले तेल काकवीसारखे घट्ट, पट्टा ताठरलेला, आणि इंजिन सुरू होताच त्याच पट्ट्याने रोटर गरागरा फिरवायचे! जाहिरातीत गाडी बर्फ उधळते तो पराक्रम. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत तोच 'गैरवापर'.

गाडीची कंपनी म्हणेल, हे बाहेरचे बाळ तुम्हीच आणलेत. कबूल. पण अमेरिकेच्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग दिसला म्हणून हात झटकता येत नाहीत. बिघाड त्यानेच झाला हे दाखवावे लागते. अर्थात मालकही धुतल्या तांदळाचा नव्हे. गार हवा मुळातच दाट. उणे 40 ला ती 15 अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा जवळपास पाव पटीने जड असते. निसर्ग जे फुकट कोंबतो, तेच कोंबायला यंत्र घ्यायचे, याला आपल्याकडे विकतचे दुखणे म्हणतात. आणि दुखण्याची वॉरंटी कोण देतो?