क्लेमच्या वेळी कळेल

वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा. मावळात कुठंही राहा, तुमच्या ओळखीत एक विमावाले भाऊ असतातच. काखेत रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं. नवी गाडी दिसली की किंमत नाही, ॲव्हरेज नाही, थेट "पॉलिसी कुठली?"

तुम्ही सरकारी कंपनी सांगा, खासगी सांगा, भाऊ एक डोळा बारीक करून म्हणणार, "असू दे. क्लेमच्या वेळी कळेल."

हे वाक्य गाडीपुरतं असतं तर सोसलं असतं. कामशेतला एका लग्नात नवरीचे मामा कौतुकानं सांगत होते, मुलगा हिंजवडीत आहे, सुपारीचंही व्यसन नाही. भाऊंनी जिलेबी मोडली. "क्लेमच्या वेळी कळेल." लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर 'अस्सल व जुने' अशी पाटी दिसली, तिलाही तेच. निवडून आलेल्या उमेदवाराची मिरवणूक गेली. तिथं मात्र कुणीच हरकत घेतली नाही.

भाऊंचं दुसरं म्हणणं असं, की मोठ्या कंपनीत आपण नुसता नंबर असतो, त्यापेक्षा 'आपली लोकल' बरी. आता मावळ तालुक्याची विमा कंपनी कुणी पाहिलीय? 1973 साली सरकारनं 107 कंपन्या ताब्यात घेऊन त्यांच्या चार मोठ्या केल्या. 2000 नंतर खासगी आल्या, त्याही देशभर पसरलेल्या. थर्ड पार्टीचा हप्ता तर सरकारच ठरवतं, कुठंही जा, तेवढाच. भाऊंच्या बॅगेतली पॉलिसी न्यू इंडियाची. दोराबजी टाटांनी 1919 साली काढलेली, मुख्य कचेरी मुंबईत. पण भाऊ 'आपली' असं म्हणतात, की ती वडगावच्या पोटोबाच्या देवळामागं स्थापन झाली असावी असं वाटतं. लोकल म्हणजे भाऊ स्वतः, एवढाच त्याचा अर्थ.

आणि गंमत म्हणजे हा माणूस क्लेम करूच देत नाही! खंडाळ्याला माकडानं एकाचा वायपर उपटला. तो तावातावानं फॉर्म मागायला आला. भाऊंनी खुर्ची दिली, कॅल्क्युलेटर काढला. "सलग पाच वर्षं क्लेम नाही म्हणून तुम्हाला पन्नास टक्के बोनस आहे. वायपरपायी तो घालवता?" दुसऱ्याचा बंपर फुटला. "प्लॅस्टिकला निम्मा घसारा. झीरो डेप घेतलंत? नाही ना? मग घ्या बदलून खिशातून." त्यामुळं क्लेमच्या वेळी नेमकं काय कळतं, हे भाऊंच्या गिऱ्हाइकांना आजवर कळलेलं नाही.

आमच्या शेजारचे साहेब मोबाइलवरून पॉलिसी काढणारे. दोन हजार वाचवले म्हणून आठवडाभर आनंदात होते. भाऊंचं मत काय पडलं, ते सांगायला नकोच. मग जुलैत मळवलीजवळ इंद्रायणीचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्यांची गाडी मधोमध बंद पडली. कंपनीच्या फोनवर हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी एक, आणि नंतर सनई. शेवटी त्यांनी भाऊंना लावला.

"स्टार्टर मारलात?"

"नाही, आता मारतोय."

"हात काढा! किल्ली काढा! इंजिनात पाणी असताना मारलात तर इंजिन बसेल, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही!"

अर्ध्या तासात भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर. सोबत टोइंगवाला, तोही त्यांचा भाचा. पाण्याची पातळी कुठवर आली ते दिसेल असे फोटो काढले, सर्व्हेअर येईपर्यंत बॉनेट उघडू नका म्हणून गॅरेजवाल्याला दमात घेतलं, आणि ज्या पॉलिसीत त्यांना एक रुपया कमिशन नव्हतं तिचा क्लेम फॉर्म स्वतःच्या पेनानं भरून दिला. तोंडानं मात्र सगळा वेळ, "तरी मी सांगत होतो." माणूस असह्य आहे, पण त्या पावसात दुसरं कुणी आलं नव्हतं, हेही लिहायलाच हवं.

यंदा साहेबांनी पॉलिसी पुन्हा मोबाइलवरूनच काढली. भाऊंचा नंबर तेवढा 'टोल फ्री' या नावानं सेव्ह केलाय.